खासगीपणा जपणारा ब्राउझर कसा निवडावा

डॉक्टरांना विचारायला संकोच वाटलेल्या शंका, घरी न सांगितलेले कर्ज, नोकरी सोडण्याच्या विचारात असताना चाळलेल्या जाहिराती आणि मुलीसाठी पाहिलेली स्थळे, या सगळ्यांची नोंद एकाच ठिकाणी कुठे होत असेल तर ती ब्राउझरमध्ये. तरीही फोन घेताना कॅमेऱ्याची आणि बॅटरीची तासभर चौकशी करणारा ग्राहक ब्राउझर मात्र फोनबरोबर जो आला तोच वर्षानुवर्षे वापरत राहतो. हा बदल करायला एक संध्याकाळ पुरते आणि खर्च काहीही येत नाही. प्रश्न फक्त निवडीचा असतो, आणि ती निवड कशी करावी हे येथे सांगायचे आहे.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी: खासगीपणा जपायचा तो नेमका कोणापासून? आपण काय पाहतो हे चार ठिकाणी कळू शकते. पहिले ठिकाण म्हणजे ब्राउझर बनवणारी कंपनी. दुसरे, आपण उघडलेल्या पानावर बसवलेले जाहिरात कंपन्यांचे आणि समाजमाध्यमांचे ट्रॅकर, म्हणजे आपला माग ठेवणारे छुपे कोड. तिसरे, इंटरनेट पुरवणारी कंपनी किंवा कार्यालयाचे नेटवर्क. आणि चौथे, आपलाच संगणक किंवा फोन हाताळणारे दुसरे कोणी. पहिल्या दोघांपासूनचे संरक्षण जवळजवळ पूर्णपणे ब्राउझरच्या निवडीवर अवलंबून असते, तिसऱ्याच्या बाबतीत ब्राउझर थोडीफार मदत करतो, आणि चौथ्यासाठी कोणत्याही ब्राउझरची इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट विंडो पुरेशी असते.

इन्कॉग्निटोविषयीचा गैरसमज येथेच दूर केलेला बरा, कारण बहुतेकांना ती विंडो उघडली की आपण अदृश्य झालो असे वाटते. प्रत्यक्षात त्या विंडोमुळे एवढेच होते की, ती बंद केल्यावर इतिहास आणि कुकी (आपल्याला ओळखण्यासाठी संकेतस्थळांनी ठेवलेल्या छोट्या नोंदी) त्या उपकरणावर शिल्लक राहत नाहीत. संकेतस्थळाला, नेटवर्कला आणि ट्रॅकरना आपण दिसतच असतो. याच मुद्द्यावर २०२० साली अमेरिकेत गूगलवर सामुदायिक खटला भरला गेला, आणि २०२४ मध्ये तडजोडीत कंपनीने या मोडमधून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. मात्र महा ई-सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्याच्या संगणकावर काम करताना ही विंडो जरूर वापरावी. फक्त तेथे डाउनलोड केलेली फाइल विंडो बंद केल्यावरही डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच राहते, हे विसरू नये. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. दुकानदाराकडे पडून राहिलेली ती फाइल उघडायला कोणालाही फार डोके चालवावे लागत नाही.

बनवणारा कमावतो कशातून

ब्राउझर फुकट मिळतो, पण तो बनवायला शेकडो अभियंते लागतात आणि त्यांचे पगार कुठून तरी येत असतात. म्हणून कोणताही ब्राउझर पारखताना त्याच्या जाहिरातीतील 'सुरक्षित' आणि 'खासगी' हे शब्द बाजूला ठेवून त्याच्या मालकाच्या उत्पन्नाकडे पाहावे. माझ्या मते निवडीची ही सर्वांत खात्रीची कसोटी आहे, कारण सेटिंगची नावे प्रत्येक आवृत्तीत बदलतात, पण उत्पन्नाचा मार्ग सहसा बदलत नाही.

क्रोमचेच उदाहरण घ्या. गूगलची मालक कंपनी असलेल्या अल्फाबेटला २०२३ साली मिळालेल्या सुमारे ३०७ अब्ज डॉलर महसुलापैकी सुमारे २३८ अब्ज डॉलर जाहिरातींतून आले होते. अशा कंपनीला ट्रॅकिंग पूर्णपणे बंद करणारा ब्राउझर द्यायचा असेल तर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा लागेल. थर्ड-पार्टी कुकींचा इतिहास हेच सांगतो. आपण एका संकेतस्थळावर असताना दुसऱ्याच कंपनीने ठेवलेली, आणि पुढे प्रत्येक संकेतस्थळावर आपल्याला ओळखू शकणारी जी कुकी असते, तिला हे नाव आहे. सफारीने अशा कुकी मार्च २०२० मध्ये सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी स्वतंत्र डब्यात ठेवण्याची पद्धत सर्वांसाठी लागू केली, त्यामुळे एका ठिकाणची कुकी दुसऱ्या ठिकाणी वाचताच येत नाही. गूगलनेही जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत या कुकी काढून टाकू असे जाहीर केले होते; पुढे ती मुदत वारंवार वाढत गेली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून देण्यात आला. क्रोम वेगवान आहे आणि सुरक्षा-त्रुटी तत्परतेने दुरुस्त करतो, हे निर्विवाद आहे. पण सुरक्षितता आणि खासगीपणा या वेगळ्या गोष्टी आहेत: चोर घरात शिरणार नाही याची हमी मिळाली, तरी घरमालक स्वतः डोकावणार नाही याची हमी मिळत नाही.

इतर कंपन्यांनाही संत समजण्याचे कारण नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगललाच मूळ सर्च इंजिन म्हणून ठेवण्याच्या करारातून येतो. सफारीमध्ये तेच स्थान मिळवण्यासाठी गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी खटल्यात उघड झाले. ब्रेव्ह हा ब्राउझर ट्रॅकर अडवण्यात अग्रेसर असला, तरी २०२० मध्ये तो काही क्रिप्टो संकेतस्थळांचे पत्ते पूर्ण करताना त्यात गुपचूप स्वतःचा कमिशनचा संकेत जोडत असल्याचे वापरकर्त्यांच्या लक्षात आले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. डकडकगोच्या ब्राउझरने मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरना सूट दिल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले, आणि त्याच वर्षी ती सूट बरीचशी मागे घेण्यात आली. फरक असा की, फायरफॉक्स किंवा सफारीच्या बाबतीत पैसा ज्या सोयीतून येतो, ती सोय, म्हणजे मूळ सर्च इंजिन, आपण अर्ध्या मिनिटात बदलू शकतो. कंपनीचा सगळा धंदाच आपल्या नोंदींवर उभा असेल तर असे एखादे बटण सापडत नाही.

फोन कंपन्यांनी भरून दिलेल्या ब्राउझरविषयी अधिक सावध राहावे. भारतात एकेकाळी कोट्यवधी फोनवर असलेला यूसी ब्राउझर फोनचे ओळखक्रमांक आणि शोधलेले शब्द एन्क्रिप्शन (मजकूर इतरांना वाचता न येणाऱ्या रूपात बदलणे) अपुरे ठेवून किंवा त्याशिवायच पाठवत असल्याचे टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने २०१५ मध्ये दाखवले होते. पुढे जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये त्याचाही समावेश होता. त्याच वर्षी शाओमीचे ब्राउझर इन्कॉग्निटोमध्येही पाहिलेल्या पानांची माहिती कंपनीकडे पाठवत असल्याचे वृत्त आले. कंपनीने आरोप नाकारले, पण लगेच ती माहिती पाठवणे बंद करण्याचा पर्यायही दिला. पहिल्या पानावर बातम्यांचा आणि सवंग मथळ्यांचा ढीग ओतणारा कोणताही ब्राउझर दिसला, तर त्याचे उत्पन्न कुठून येते हे वेगळे विचारावे लागत नाही.

'मग स्वदेशी ब्राउझर का नको?' हा प्रश्न आता अनेक जण विचारतात. झोहो कंपनीचा उला हा ब्राउझर २०२३ मध्ये आला आणि केंद्र सरकारने घेतलेल्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये तो पहिला आला. झोहोचे उत्पन्न व्यवसायांना विकलेल्या सॉफ्टवेअरमधून येते, जाहिरातींतून नव्हे, आणि ही जमेची बाजू आहे. पण तोही क्रोम ज्यावर बांधला आहे त्या गूगलच्याच क्रोमियम या पायावर उभा आहे, आणि त्याची बाहेरच्या संशोधकांनी केलेली तपासणी अजून फायरफॉक्स किंवा ब्रेव्हइतकी झालेली नाही. वापरून पाहायला हरकत नाही, पण देश ही खासगीपणाची कसोटी होऊ शकत नाही.

हात न लावता ब्राउझर काय करतो

दुसरी कसोटी मूळ सेटिंगची. बहुसंख्य माणसे सेटिंगच्या पानावर कधीच जात नाहीत, त्यामुळे ब्राउझर जसा मिळाला तसाच वापरला तर काय होते, हे महत्त्वाचे ठरते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील डग्लस लीथ या प्राध्यापकांनी २०२० मध्ये नेमके हेच तपासले: नुकताच बसवलेला ब्राउझर आपल्या कंपनीच्या सर्व्हरला काय काय सांगतो? त्यात ब्रेव्ह सर्वांत अबोल निघाला. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी मधल्या गटात आले. तर मायक्रोसॉफ्टचा एज आणि रशियन कंपनीचा यांडेक्स हे थेट उपकरणाशी जोडलेला, सहज न बदलता येणारा ओळखक्रमांक पाठवत असल्याने शेवटच्या गटात गेले. तेव्हापासून सगळेच ब्राउझर बदलले आहेत, त्यामुळे तो क्रम आज जसाच्या तसा धरू नये, पण तपासणीची ती दिशा योग्य आहे.

त्या तपासणीतील एक मुद्दा जवळून पाहण्यासारखा आहे. पत्त्याच्या पट्टीत आपण 'मधुमेहाची लक्षणे' असे टाइप करू लागतो तेव्हा 'म', 'मधु', 'मधुमे' असा प्रत्येक टप्पा सर्च इंजिनकडे जात असतो, कारण त्याशिवाय खाली सूचना दाखवता येत नाहीत. म्हणजे लिहून खोडलेला शब्दही जातो. एंटर न दाबता विचार बदलला, तरी तो विचार पोहोचलेला असतो. जवळजवळ सर्व ब्राउझरमध्ये ही सोय मुळात चालू असते आणि सर्वांत ती बंद करता येते. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या 'सर्च' या भागात शोध-सूचनांची खूण काढली की काम होते. नवा ब्राउझर घेतल्यावर मी पहिल्यांदा हात लावतो तो याच खुणेला.

कुकीशिवायही ओळख पटते

कुकी अडवल्या तरी 'फिंगरप्रिंटिंग' उरते. पडद्याचा आकार, वेळेचा पट्टा, ग्राफिक्सची चिप, बसवलेले फाँट आणि पसंतीच्या भाषा असे तपशील एकत्र केले की, लाखो संगणकांतून एखादा नेमका ओळखता येतो. मराठी माणसाला याचा जरा जास्तच फटका बसतो. डीटीपीचे काम करणाऱ्याच्या संगणकावर श्रीलिपी, कृतिदेव आणि आयएसएमचे फाँट असतात. पानावरील स्क्रिप्ट एकच मजकूर वेगवेगळ्या फाँटमध्ये न दाखवता मांडून त्याची रुंदी मोजते, आणि कोणते फाँट बसवलेले आहेत हे तिला कळते. जगाच्या गर्दीत असा संगणक लगेच उठून दिसतो. ब्राउझरची भाषा मराठी ठेवली तर प्रत्येक संकेतस्थळाला 'या व्यक्तीला मराठी पाने हवीत' असा निरोप जातो आणि ओळखीत आणखी भर पडते. म्हणून ब्राउझर इंग्रजीत वापरावा असे मात्र मी म्हणणार नाही. मराठीची मागणी दिसली नाही तर मराठी पाने बनवणार कोण? त्याऐवजी फिंगरप्रिंटिंगला तोंड देणारा ब्राउझर घ्यावा.

हे तोंड दोन प्रकारे देता येते. ओळख लपवण्यासाठीच बनवलेला टॉर ब्राउझर आणि २०२३ मध्ये टॉर प्रकल्पाच्याच सहकार्याने आलेला मुलवाड ब्राउझर यांचा प्रयत्न असा की, सर्व वापरकर्ते एकसारखे दिसावेत; त्यासाठी ते खिडकीचा आकारसुद्धा ठरावीक मापांत दाखवतात. ब्रेव्ह उलट वाट धरतो आणि प्रत्येक संकेतस्थळाला किंचित बदललेली मापे देतो, जेणेकरून आजची ओळख उद्या जुळू नये. फायरफॉक्सच्या 'स्ट्रिक्ट' पातळीत यातले काही संरक्षण मिळते. स्वतः खात्री करायची असेल, तर डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे 'कव्हर युवर ट्रॅक्स' हे पान जुन्या आणि नव्या अशा दोन्ही ब्राउझरमध्ये उघडून निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. निकालात 'युनिक' हा शब्द दिसला की, आपली ओळख पटण्याजोगी आहे असे समजावे.

कोणी कोणता घ्यावा

संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर रोजच्या वापरासाठी माझी पसंती फायरफॉक्सला आहे. यामागे दोन कारणे आहेत. एक तर तो क्रोमियमवर उभा नाही, त्यामुळे गूगलने घेतलेला प्रत्येक तांत्रिक निर्णय त्याच्यावर आपोआप लादला जात नाही. दुसरे कारण यूब्लॉक ओरिजिन. जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारे हे सर्वांत भरवशाचे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) क्रोमच्या नव्या 'मॅनिफेस्ट व्ही३' नियमांमुळे २०२५ मध्ये तेथून बाद झाले. आता त्याची कमी क्षमतेची 'लाइट' आवृत्ती तेवढी तेथे चालते. फायरफॉक्समध्ये मूळ एक्स्टेन्शन संगणकावरही चालते आणि अँड्रॉइडवरही. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसवताच येत नाहीत.

ज्यांना सेटिंगच्या वाटेला जायचेच नाही, किंवा घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर एकदा बसवून विसरून जायचे आहे, त्यांनी ब्रेव्ह घ्यावा. तो बसवल्या क्षणापासून ट्रॅकर आणि जाहिराती अडवतो, आणि क्रोमसारखाच दिसत असल्याने नवे काही शिकावे लागत नाही. त्यातील रिवॉर्ड्स, क्रिप्टो वॉलेट आणि नव्या टॅबवरील प्रायोजित चित्रे मात्र पहिल्याच दिवशी बंद करावीत, आणि वापराची आकडेवारी पाठवण्याच्या खुणाही काढून टाकाव्यात.

आयफोनची गोष्ट निराळी आहे. भारतात आयफोनवरील प्रत्येक ब्राउझर आतून ॲपलच्याच वेबकिट या इंजिनावर चालतो, त्यामुळे तेथे ब्राउझर बदलून फार काही साधत नाही. सफारी नीट बसवून घेतलेला बरा. सेटिंग्जमध्ये सफारीच्या भागात 'प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग' चालू असल्याची खात्री करावी, आणि 'ॲडव्हान्स्ड'मध्ये फिंगरप्रिंटिंगपासूनचे संरक्षण केवळ प्रायव्हेट विंडोपुरते न ठेवता 'ऑल ब्राउझिंग' असे करावे.

टॉर ब्राउझर रोजच्या कामासाठी नाही. आपला संदेश तीन वेगवेगळ्या संगणकांतून फिरवून पाठवल्यामुळे तो संथ चालतो, आणि त्यातून बँकेच्या खात्यात शिरलात तर बँक खाते संशयावरून रोखून धरण्याची शक्यता असते. पण पत्रकार, माहिती अधिकार कार्यकर्ते किंवा घरातील हिंसाचाराबद्दल मदत शोधणारी स्त्री यांच्यासाठी तो अनेकदा योग्य साधन ठरतो. तो वापरताना स्वतःच्या नावाच्या कोणत्याही खात्यात लॉग-इन करू नये आणि त्यात एकही एक्स्टेन्शन घालू नये. घातले की, आपण पुन्हा गर्दीतून वेगळे दिसू लागतो.

फायरफॉक्स बसवल्यावर काय करावे

डाउनलोड मोझिलाच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा प्ले स्टोअरवरूनच करावे. शोधाच्या निकालांत सर्वांत वर येणारी जाहिरात दुसऱ्याच कोणाची असू शकते. संगणकावर उजवीकडे वरच्या कोपऱ्यातील तीन आडव्या रेघांवर क्लिक करून सेटिंग्ज आणि तेथून 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' हा भाग उघडावा. ट्रॅकिंगपासूनच्या संरक्षणाच्या तीन पातळ्या दिसतात, त्यांपैकी 'स्ट्रिक्ट' निवडावी. एखादे संकेतस्थळ त्यामुळे नीट उघडले नाही, तर पत्त्याच्या डावीकडील ढालीच्या चिन्हावर क्लिक करून तेवढ्या संकेतस्थळापुरते संरक्षण बंद करता येते. त्यासाठी सर्वत्र पातळी उतरवण्याची गरज नाही. त्याच भागात खाली 'एचटीटीपीएस-ओन्ली' (फक्त एन्क्रिप्ट केलेली जोडणी वापरण्याची सोय) चालू करावे आणि मोझिलाकडे आकडेवारी पाठवण्याच्या खुणा काढाव्यात.

'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस'ही तेथेच सापडते. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणारी सेवा. ते चालू केले की, आपण कोणत्या संकेतस्थळाचा पत्ता विचारला हे इंटरनेट कंपनीऐवजी आपण निवडलेल्या डीएनएस कंपनीला कळते. विश्वास कोणावर तरी ठेवावाच लागतो, फक्त कोणावर ते आपण ठरवतो. इंटरनेट कंपनीला इतर मार्गांनी संकेतस्थळाचा अंदाज तरीही बांधता येतो, त्यामुळे याला पूर्ण पडदा समजू नये. येथे व्हीपीएनचा, म्हणजे आपली सगळी जोडणी दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणाऱ्या सेवेचा, विषय निघतोच: तो ब्राउझरला पर्याय नाही, कारण पानावरचे ट्रॅकर त्याने थांबत नाहीत, आणि भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्यास सांगितल्यानंतर अनेक नामवंत कंपन्यांनी आपले येथील सर्व्हर हलवले.

यानंतर यूब्लॉक ओरिजिन बसवावे. नावात 'ओरिजिन' हा शब्द आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण नावाशी साम्य असलेली पण वेगळ्या मालकीची एक्स्टेन्शन्सही आहेत. याखेरीज आणखी एक्स्टेन्शन्सचा मोह टाळावा. प्रत्येक एक्स्टेन्शनला बहुधा 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची' परवानगी द्यावी लागते, आणि ही परवानगी किती महागात पडू शकते हे अवास्टच्या प्रकरणात दिसले. संरक्षण देण्याच्या नावाखाली लोकांच्या संगणकांत गेलेल्या या कंपनीच्या सॉफ्टवेअरने आणि एक्स्टेन्शन्सनी गोळा केलेला ब्राउझिंगचा इतिहास तिच्याच जंपशॉट या उपकंपनीने विकला होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याबद्दल २०२४ मध्ये तिच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलरची भरपाई लादली.

सर्च इंजिन बदलण्याचा निर्णय ज्याने त्याने घ्यावा. डकडकगो शोधांचा वैयक्तिक इतिहास ठेवत नाही, पण मराठी शोधांचे निकाल त्यावर गूगलइतके समाधानकारक मिळत नाहीत, हे मान्य करायला हवे. त्यावर मधला मार्ग आहे: मूळ इंजिन डकडकगो ठेवावे, आणि निकाल पटला नाही तर त्याच शब्दांपुढे उद्गारचिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी 'जी' हे अक्षर लिहावे; तेवढा एक शोध गूगलकडे जातो.

फोनवरचे छुपे ब्राउझर

नवा ब्राउझर बसवूनही फोनवर अर्धे काम बाकी राहते. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स', मग 'डीफॉल्ट ॲप्स' येथे जाऊन तो मूळ ब्राउझर म्हणून नेमावा लागतो, अन्यथा संदेशांतील दुवे जुन्याच ठिकाणी उघडत राहतात. फेसबुक आणि इन्स्टाग्राम तर दुवे स्वतःच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतात, आणि तेथे ही ॲप्स इतरांच्या पानांत स्वतःची स्क्रिप्ट घालतात हे २०२२ मध्ये एका स्वतंत्र संशोधकाने दाखवले. अशा पानावर वरच्या तीन ठिपक्यांतून 'बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा' हा पर्याय निवडण्याची सवय लावावी; पासवर्ड किंवा कार्डाचा क्रमांक भरण्यापूर्वी तर नक्कीच.

जून २०२५ मध्ये युरोपातील संशोधकांनी याहून गंभीर प्रकार उघड केला. अँड्रॉइडवरील फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही ॲप्स फोनच्या आतच एक गुप्त दार उघडून बसत, आणि ब्राउझरमधील पानावर त्यांची मालक कंपनी मेटा हिचा 'पिक्सेल' हा ट्रॅकर असला की तो त्या दारातून ॲपला कुकीचा क्रमांक कळवत असे. यामुळे इन्कॉग्निटो, कुकी पुसणे आणि लॉग-आउट करणे हे तिन्ही उपाय निष्फळ ठरत होते, कारण ॲपमध्ये आपण खऱ्या नावाने लॉग-इन असतो. प्रकार उघड होताच मेटाने तो थांबवला. ब्रेव्हने मात्र पानांना फोनच्या आतील अशा दारांशी परस्पर बोलू न देण्याची खबरदारी आधीच घेतलेली होती. समाजमाध्यमांची ॲप्स काढून टाकून तीच संकेतस्थळे ब्राउझरमध्ये वापरणे हा याहून पक्का उपाय आहे. थोडी गैरसोय होते, पण सूचनांचा त्रासही कमी होतो.

ज्यांना क्रोम सोडता येत नाही

कार्यालयाची सक्ती असते, कधी एखादे संकेतस्थळ दुसरीकडे चालतच नाही. सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, कराची विवरणपत्रे आणि बँका यांची पाने कडक सेटिंगमध्ये अधूनमधून अडतात: कॅप्चा दिसत नाही, पैसे भरण्याची खिडकी उघडतच नाही, किंवा अर्ज शेवटच्या पायरीवर गोठतो. यासाठी दोन ब्राउझर ठेवणे हा उत्तम तोडगा आहे. एक रोजच्या वाचनाचा आणि शोधाचा, कडक सेटिंगचा. दुसरा केवळ सरकारी आणि बँकेच्या कामाचा, ज्यात या कामांपलीकडे काहीही उघडायचे नाही. क्रोम असला तरी तो या दुसऱ्या जागी चालतो, कारण तेथे आपली ओळख मुळातच लपवायची नसते. त्यात थर्ड-पार्टी कुकी बंद कराव्यात, गूगलच्या खात्याने ब्राउझरमध्ये साइन-इन करू नये, आणि करावेच लागले तर सिंकसाठी (सर्व उपकरणांवर नोंदी सारख्या ठेवण्याच्या सोयीसाठी) स्वतंत्र पासफ्रेज, म्हणजे लांब सांकेतिक वाक्य, ठेवावी, म्हणजे पासवर्ड आणि इतिहास गूगललाही वाचता येत नाहीत. फायरफॉक्सच्या सिंकमध्ये हे एन्क्रिप्शन मुळातच असते.

बिऱ्हाड हलवताना

नवा ब्राउझर जुन्यातले बुकमार्क आणि पासवर्ड स्वतःहून आणण्याची तयारी दाखवतो. इतिहास मात्र आणू नये, नव्या जागी जुने ओझे कशाला? दोन-तीन आठवडे दोन्ही ब्राउझर शेजारी ठेवावेत, आणि जुन्याकडे वळायची वेळ कोणत्या संकेतस्थळासाठी येते हे पाहून तेवढी कामे दुसऱ्या ब्राउझरच्या वाट्याला द्यावीत. मोठी आवृत्ती आली की सेटिंगच्या पानावरून एकदा नजर फिरवावी. जुलै २०२४ मध्ये फायरफॉक्सच्या १२८ व्या आवृत्तीत जाहिरातींचा परिणाम मोजणारी एक नवी सोय न विचारता चालू स्थितीत आली होती, आणि त्यावरून युरोपात तक्रारही दाखल झाली. म्हणजे आवडत्या ब्राउझरवरही लक्ष ठेवावेच लागते.

शेवटी जुन्या ब्राउझरमधील इतिहास, कुकी आणि साठवलेले पासवर्ड पुसावेत, गूगलच्या खात्यात 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' बंद करून तेथील जुन्या नोंदीही काढून टाकाव्यात. पासवर्ड हलवण्यासाठी फाइल तयार केली असेल तर ती साध्या मजकुराची असते आणि कोणालाही उघडून वाचता येते. ती डाउनलोडच्या फोल्डरमधून काढावी, आणि मग रिसायकल बिनही रिकामी करावी.